नवीन बोअरच्या पाण्यावर तेलाचा तवंग: ओएनजीसीला कळवायचं का, आणि नाशिकला तेल का शोधत नाहीत?

प्रश्न बराच लांब होता म्हणून इतरांसाठी आधी थोडक्यात सांगतो. दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागेसाठी नवीन बोअर घेतलाय, ४२० फुटांवर पाणी लागलं, पण पाण्यावर सप्तरंगी तवंग येतोय आणि रॉकेलसारखा वासही येतोय. शेजारपाजारचे म्हणतायत तेल लागलं, ओएनजीसीला कळव, जन्माची रॉयल्टी मिळेल. त्यात एका ‘सर्व्हे कंपनी’वाल्याचा फोन आला, जमिनीची ‘तेल नोंदणी’ करून देतो म्हणून पंधरा हजार मागतोय. आणि शेवटी भाऊंनी विचारलंय की मुंबईच्या समुद्रात एवढं तेल आहे, नाशिक काही फार लांब नाही, मग इथे कोणी शोधत का नाही, ह्या कंपन्या जागा ठरवतात तरी कशी.

मी तेल कंपनीत वेलसाइट जिऑलॉजिस्ट होतो, म्हणजे विहीर खणताना वर येणारा दगडाचा चुरा बघून खाली काय चाललंय ते सांगणारा माणूस. आधी गुजरातेत जमिनीवरच्या रिगवर, मग बरीच वर्षं समुद्रात, चौदा दिवस ड्युटी आणि चौदा दिवस नाशिकला घरी. आता रिटायर होऊन गंगापूर रोडला असतो, वेळच वेळ आहे, त्यामुळे उत्तर लांब होणार.

तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी एक समजूत आहे, की तेल दिसलं म्हणजे तेलाचा साठा आहे आणि दिसत नाही म्हणजे नाही. तेल शोधणाऱ्या कंपनीचं काम नेमकं ह्याच्या उलट चालतं. वर दिसणाऱ्या तेलाला ती फार किंमत देत नाही आणि जिथे वर काहीच दिसत नाही अशा ठिकाणी ती कोट्यवधी रुपये घालते. हे का, ते सांगतो, पण आधी तवंगाचं बघू कारण तुमची बाग त्या पाण्यावर आहे.

रिगवर चुऱ्यात तेल दिसलं की कोणीही उड्या मारत नाही, पहिला प्रश्न असतो ‘हे आपलंच तर नाही ना?’ पाइपच्या आट्यांना ग्रीस लावलेलं असतं, मडमध्ये, म्हणजे विहीर खणताना फिरवतात त्या चिखलात, कधी डिझेल पडलेलं असतं, आणि ही दोन्ही अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली तेलासारखीच चमकतात. तुमच्या बोअरलाही हाच प्रश्न विचारा. बोअरची गाडी हॅमरने खणते, त्या हॅमरला कंप्रेसरच्या हवेतून सतत ऑइल सोडावं लागतं नाहीतर तो जॅम होतो, आणि ते सगळं ऑइल खाली तुमच्या बोअरमध्येच जातं. नवीन बोअरवर तवंग दिसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हे. दुसरं, जवळपास डिझेल इंजिन किंवा डिझेलचे ड्रम ठेवता का, केसिंग, म्हणजे बोअरच्या तोंडाचा पाइप, वरच्या मातीत नीट बसवलीय का, कारण वरून झिरपलेलं डिझेलही आत जातं आणि रॉकेलसारखा वास म्हटल्यावर मला आधी तीच शंका येते.

तिसरी शक्यता तेलाची नाहीच. लोखंडावर जगणारे बॅक्टेरिया पाण्यावर अगदी तेलासारखा रंगीत पापुद्रा धरतात. ओळखायला सोपं आहे, बादलीत पाणी घ्या, हलू देऊ नका, आणि काडीने तवंग मोडा. तुकडे तुकडे होऊन तसेच सुटे राहिले तर बॅक्टेरिया, आणि मोडल्यावर परत लगेच एकत्र आला तर खरंच तेलकट काहीतरी आहे. तेलकट निघालं तर मोटर लावून बोअर चांगला फ्लश करा, दोनचार दिवस पाणी उपसून बाहेर काढा, बागेला देऊ नका. हॅमरचं ऑइल असेल तर कमी कमी होत जाईल. कमी झालंच नाही तर काचेच्या बाटलीत, प्लास्टिकच्या नाही, सॅम्पल घेऊन भूजल सर्वेक्षणच्या जिल्हा ऑफिसला विचारा की टेस्टिंग कुठे होईल. आणि बोअरच्या तोंडाशी काडी पेटवून बघू नका, हे गंमत म्हणून करणारे लोक असतात म्हणून सांगतोय. गॅस असेल तर भडकेल आणि नसेल तर काहीच सिद्ध होणार नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्या पायाखाली काय आहे? काळा कातळ, डेक्कन ट्रॅपचा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. पांडवलेण्यांच्या डोंगरात, ब्रह्मगिरीला, सप्तशृंगीच्या कड्यात हे थर नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. आणि तेल कशाचं बनतं तर समुद्रात किंवा तळ्यात मेलेल्या बारीक जीवांचं, शेवाळाचं, जे चिखलात गाडलं जातं, त्यावर आणखी चिखल, आणखी वाळू असं होत होत दोन-चार किलोमीटर खाली जातं, तिथे साधारण ६० ते १२० अंश तापमानाला लाखो वर्षं राहतं, तेव्हा कुठे तेल सुटतं. लाव्हा बाहेर पडतो तोच हजार अंशांच्या पुढे. त्यात कसलं शेवाळ आणि कसलं तेल. तुमचे ४२० फूट म्हणजे १२८ मीटर, सगळेच्या सगळे त्या कातळात. तिथे तेल ‘तयार’ होणं शक्यच नाही.

पण हाच कातळ मुंबई हायच्या, म्हणजे मुंबईच्या समुद्रातल्या त्या तेलक्षेत्राच्या, खालीही आहे! म्हणजे ‘कातळ आहे म्हणून तेल नाही’ एवढ्यावर थांबलं तर उत्तर अर्धवट राहतं. फरक कातळावर नंतर काय घडलं त्यात आहे. लाव्हा थंड झाल्यावर पश्चिमेकडची जमीन खचत गेली, समुद्र आत आला आणि त्या बुडालेल्या कातळावर कोट्यवधी वर्षं गाळ साचत राहिला. आधी दलदलीचा, कोळशाचा, काळ्या चिखलाचा थर, आमच्या भाषेत पन्ना फॉर्मेशन, तेल मुख्यतः त्यात शिजलं. त्याच्या वर बऱ्याच काळाने उथळ समुद्रातला चुनखडीचा थर बसला, तेल आजूबाजूच्या खोल भागातून सरकत सरकत मुंबई हायच्या उंचवट्यावर चढलं आणि चुनखडीच्या भोकांमध्ये जाऊन बसलं, वरून चिखलाच्या घट्ट खडकाचं झाकण. आपल्याकडे नाशिकला कातळावर काय साचलं? गोदेची, कादवेची काळी माती आणि गाळ. द्राक्षाला उत्तम, तेलाला काही कामाची नाही.

आणि लांब-जवळचं म्हणाल तर गंमत अशी की अंकलेश्वरचं तेलक्षेत्र नाशिकपासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, मुंबई हायपेक्षाही जवळ. तिथेही खाली हाच कातळ, आणि त्यावर खंबातच्या खोऱ्यात साचलेला शेलचा, म्हणजे चिखलाच्या घट्ट खडकाचा, जाड थर. बडोद्याजवळ पादरा म्हणून क्षेत्र आहे तिथे तर चक्क ट्रॅपच्या भेगांमधून तेल काढतात. पण ते तेल कातळाचं नाही, शेजारच्या शेलमधून भेगांत शिरलेलं आहे. नाशिकच्या कातळाला असा शेजारी नाही.

आता कंपनी कशी ठरवते ते. इथे ओएनजीसीचा इतिहासच सांगतो, कारण माझ्या मते त्यात सगळं उत्तर आहे. त्याआधी आपल्याकडे तेल म्हणजे आसाम. दिग्बोईला जंगलात तेल आपोआप झिरपताना दिसत होतं, तिथे १८८९ मध्ये विहिरीला तेल लागलं आणि १९०१ मध्ये रिफायनरी सुरू झाली. म्हणजे ‘वर दिसलं, खाली सापडलं’ असं एकदा खरंच घडलंय, त्यामुळे शेजारी म्हणतात ते अगदीच हवेतलं नाही. स्वातंत्र्यानंतर मात्र परदेशी कंपन्यांचं एकंदर मत होतं की आसाम सोडला तर भारतात फारसं काही नाही. केशवदेव मालवीय तेव्हा मंत्री होते, ते हे ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. आधी १९५५ ला जिऑलॉजिकल सर्व्हेमध्येच एक डायरेक्टोरेट काढलं, मग १४ ऑगस्ट १९५६ ला त्याचा कमिशन झाला, म्हणजेच ओएनजीसी, डेहराडूनला मुख्यालय, आणि सोव्हिएत तज्ज्ञांना बोलावून देशभरातली खोरी तपासायला घेतली.

त्यांची पहिली विहीर कुठे? हिमाचलमध्ये ज्वालामुखीला, १९५७ साली. तिथल्या देवळात खडकातून गॅसची ज्योत जळतेय शेकडो वर्षं, ह्याहून चांगली खूण कुठली असणार! थोडा गॅस मिळाला, पण कंपनी चालेल असं काही निघालं नाही. आणि पुढच्याच वर्षी, १९५८ ला, खंबातजवळ लुणेजच्या सपाट शेतात तेल लागलं, मग १९६० ला अंकलेश्वर, तिथल्या पहिल्या विहिरीला नेहरूंनी वसुधारा नाव दिलं. वरची ज्योत फसवी ठरली कारण ती फक्त एवढंच सांगते की गॅस खालून निसटतोय. झाकण फुटलंय, साठा रिकामा होतोय, असाही तिचा अर्थ निघू शकतो.

मुंबई हायला तर वर काहीच नव्हतं, ७५ मीटर पाणी फक्त. सोव्हिएत जहाजाने साठच्या दशकात तिथे सिस्मिक सर्व्हे केला, म्हणजे पाण्यात आवाज सोडायचा आणि खालच्या थरांवरून येणारे प्रतिध्वनी रेकॉर्ड करायचे, त्यात समुद्रतळाखाली एक भलामोठा उंचवटा दिसला. पण समुद्रात खणायची सवय नाही, रिग नाही. आधी १९७० ला खंबातच्या आखातात आलियाबेटला पहिली विहीर घेऊन बघितली. मग जपानमध्ये मित्सुबिशीकडून सागर सम्राट नावाची जॅक-अप रिग बांधून घेतली, जॅक-अप म्हणजे जागेवर तरंगत जाऊन पाय खाली सोडून उभी राहणारी. १९७४ च्या जानेवारीअखेर विहीर सुरू झाली आणि १९ फेब्रुवारीला तेल लागलं, आधीच्याच वर्षी अरब देशांनी तेलाचे भाव चौपट करायला सुरुवात केलेली, त्यामुळे काय आनंद झाला असेल बघा. १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू, म्हणजे शोधापासून सव्वादोन वर्षांत. आजही हा वेग मला थक्क करतो, आता नुसत्या परवानग्यांना तेवढी वर्षं जातात.

ह्यातून कंपनी काय बघते ते लक्षात येईल. तेल शिजेल असा खडक हवा, तो पुरेसा खोल गाडला गेलेला हवा, तेल साठायला सच्छिद्र खडक हवा, वर झाकण हवं, आणि खाली उंचवटा किंवा भेगेने अडवलेली अशी जागा हवी जिथे तेल थांबेल. शिवाय हे सगळं योग्य क्रमाने व्हायला हवं, म्हणजे तेल निघून गेल्यावर उंचवटा तयार झाला तर उपयोग शून्य. एक जरी गोष्ट नसली तरी विहीर कोरडी. ऑफिसमधले लोक प्रत्येकाला शक्यता देतात, गुणाकार करतात आणि शेवटी जो आकडा येतो तो इतका छोटा असतो की नवीन माणसाला वाटतं हे लोक खणतात तरी कशाला. खणतात कारण एक मुंबई हाय लागली तर शंभर कोरड्या विहिरींचा खर्च निघतो.

कोरड्या विहिरीला लोक भ्रष्टाचार म्हणतात, ‘इतके कोटी पाण्यात’ अशा बातम्या येतात, माझ्या घरच्यांनीही मला ऐकवलंय. पण कोरडी विहीरही माहिती देते. बंगालमध्ये पन्नासच्या दशकात इंडो-स्टॅनव्हॅक नावाच्या भागीदारी प्रकल्पाने खणलं, काही मिळालं नाही. ओएनजीसी पुढे कित्येक दशकं तिथे अधूनमधून खणत राहिली आणि शेवटी अशोकनगरला साठा लागला, २०२० ला त्याचं उद्घाटन झालं. राजस्थानात बाडमेरला शेल कंपनीने हिस्सा विकून काढता पाय घेतला आणि केर्न कंपनीला २००४ मध्ये तिथेच मंगला तेलक्षेत्र सापडलं, जमिनीवरच्या देशातल्या सगळ्यात मोठ्या शोधांपैकी एक. तेच खोरं, तेच दगड, फक्त विहीर कुठे घ्यायची तो निर्णय वेगळा. हा निर्णय म्हणजेच तेल कंपनीचा खरा धंदा, रिग काय भाड्यानेही मिळते.

प्रत्यक्ष विहिरीवर काय होतं ते थोडं सांगतो कारण तुम्ही बोअर बघितलाय, तुलना करता येईल. तुमचा बोअर हवेने खणला आणि वरची केसिंग सोडली तर खाली उघडा आहे. तेलाची विहीर हवेने नाही तर मडने खणतात, बेंटोनाइट आणि बराइट घातलेला जड चिखल पाइपातून खाली आणि बाजूने वर फिरत राहतो. तो बिट, म्हणजे खणणारं टोक, थंड ठेवतो, चुरा वर आणतो आणि सगळ्यात महत्त्वाचं, खालच्या दाबाला आपल्या वजनाने दाबून धरतो. मड हलकं पडलं आणि लक्ष गेलं नाही की खालचा गॅस वर उसळतो. त्यासाठी तोंडावर बीओपी असतो, विहिरीचा गळा आवळणारे मोठे व्हॉल्व्ह, तरीही आंध्रात पासरलापुडीला १९९५ साली विहीर पेटली ती दोन महिन्यांहून जास्त जळत होती. टप्प्याटप्प्याने केसिंग घालून बाहेरून सिमेंट भरतात, विहीर वर रुंद आणि खाली अरुंद होत जाते. रिगवर ड्रिलर, टॉपमॅन, रिगमन, मड इंजिनिअर, सिमेंटवाले, लॉगिंगवाले, आणि एका कोपऱ्यात मायक्रोस्कोप घेऊन माझ्यासारखा. खोलवरचा चुरा वर यायला तासापेक्षा जास्त लागू शकतो, त्यामुळे आम्ही बघतो तो कायम मगाशीचा दगड असतो, आणि तेवढ्या वेळात ड्रिलर पुढे गेलेला असतो, ह्यावरून आमची रोजची भांडणं.

चुऱ्यात तेल दिसलं, वायरवर सोडलेल्या यंत्रांनी खडक चांगला म्हणून दाखवला, तरी शोध लागला असं कोणी म्हणत नाही. केसिंगला स्फोटकाने भोकं पाडायची, विहीर वाहू द्यायची, मोजायचं. वाहिली आणि खर्चाला परवडेल इतकी वाहिली तरच. नाहीतर सिमेंटचे बूच मारून बंद. आणि वाहिली तरी काम संपत नाही, मुंबई हायचं उत्पादन ८० च्या दशकाच्या शेवटी वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास गेलं होतं, मग दाब घटत गेला, पाणी टोचून दाब धरून ठेवणं, जुन्या विहिरींतून आडव्या विहिरी काढणं, हे वर्षानुवर्षं चालूच आहे. २०२५ मध्ये तर त्यासाठी बीपी ह्या ब्रिटिश तेल कंपनीला तांत्रिक मदतनीस म्हणून आणलंय. सागर सम्राटलाही बदलून २०२२ पासून उत्पादनाच्या कामाला लावलंय.

मग नाशिकखाली अजिबात नाही का? इथे मात्र मी ‘अजिबात’ म्हणणार नाही. कातळात नाही, पण कातळाच्या खाली काय गाडलंय हा खरा प्रश्न आहे. लाव्हा यायच्या आधी नर्मदेच्या पट्ट्यात समुद्र होता, मध्य प्रदेशात बाघजवळ त्याचे शंख-शिंपल्यांचे दगड उघडे दिसतात. तोच गाळ नर्मदा-तापीच्या पट्ट्यात ट्रॅपखाली असावा असं भूभौतिकीवाले बऱ्याच वर्षांपासून म्हणतायत, म्हणजे आपल्या उत्तरेला, धुळे-नंदुरबारकडे. उलट कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल खणलं तर सुमारे ९३० मीटर बेसाल्ट आणि खाली थेट ग्रॅनाइट, मध्ये गाळाचा पत्ताच नाही. नाशिक ह्या दोन्हींच्या मधे. आणि वरून बघणं अवघड, कारण सिस्मिकच्या लहरी कातळाच्या थरांवरच आपटून विखुरतात, पत्र्याच्या शेडवर धो धो पाऊस पडत असताना आतल्या माणसाचं बोलणं ऐकण्यासारखा प्रकार. म्हणूनच अशा न तपासलेल्या भागांसाठी सरकारने २०१६ मध्ये नॅशनल सिस्मिक प्रोग्रॅम काढला, देशभर ४८ हजार किलोमीटरहून जास्त लांबीच्या रेषा. पण गाळ असला तरी वरून आलेल्या एवढ्या लाव्हाने त्यातलं तेल टिकू दिलं का, हा पुढचा प्रश्न राहतोच. मी स्वतः कंपनीत असतो तर नाशिकला पैसे लावले नसते, तापीच्या पट्ट्याचा विचार केला असता.

रॉयल्टीचं स्पष्ट सांगतो. आपल्याकडे सातबारा तुमचा असला तरी खालचं तेल-गॅस तुमचं नसतं. ते सरकारचं, शोधायचं लायसन्स सरकार देतं, आणि जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी राज्य सरकारला जाते, शेतकऱ्याला नाही. कंपनीला तुमच्या शेतात रिग लावायची असेल तर जमिनीचं भाडं किंवा मोबदला आणि पिकाची नुकसानभरपाई मिळते. सिस्मिकवाले तारा टाकायला शेतातून गेले तरी पिकाचे पैसे ते देतात, तुमच्याकडून घेत नाहीत. ते किती मिळतात हे जागेवर, पिकावर आणि तहसीलवाल्यांच्या पंचनाम्यावर अवलंबून, त्याचा आकडा मी सांगू शकत नाही.

त्यामुळे तो पंधरा हजारवाला सरळ फसवतोय. ‘तेल नोंदणी’ नावाचा प्रकार शेतकऱ्यासाठी अस्तित्वातच नाही. पैसे दिले नसतील तर देऊ नका, आधार आणि सातबाऱ्याचे फोटो पाठवले असतील तर नंबरसकट सायबर पोलिसांकडे तक्रार टाका, १९३० वर फोन करूनही होते. ओएनजीसीला कळवायची गरज मला तरी वाटत नाही. फ्लशिंग करून आठवड्याने काडीची टेस्ट परत करा आणि इथे लिहा, सोबत बोअरवाल्याला विचारून हॅमरला कुठलं ऑइल वापरलं तेही लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल. तोवर ते पाणी ड्रिपमध्ये सोडू नका, ड्रिपर चोक झाले तर तो वेगळाच उद्योग होऊन बसेल.